उशिरा आलेल्या प्रमुख पाहुण्यांना अनावृत पत्र

मा. प्रमुख पाहुणे,
कॉलेज हॉकी स्पर्धा (मुली), अंतिम सामना,
वाराणसी

सा. न. वि. वि.

पत्र लिहिण्याचं कारण एवढंच, की आपले आभार मानायचे राहून गेले. रविवारची फायनल दहाची होती आणि आपण सव्वाअकराला आलात. त्या सव्वा तासात आम्हा प्रेक्षकांना जेवढं हॉकी कळलं, तेवढं शुक्रवार-शनिवारचे सगळे सामने बघूनही कळलं नव्हतं. उदाहरणार्थ, टर्फ ओलं असावं लागतं. खेळाआधी फवारे सोडून ते भिजवतात, म्हणजे चेंडू सरसर जातो आणि पडलेल्या पोरीच्या गुडघ्याचं सालपट निघत नाही. पावणेदहाला ते छान भिजवलं आणि आपली वाट बघता बघता ते छान वाळलं. पुन्हा भिजवायचं तर मांडवातल्या मान्यवरांच्या बुटांवर शिंतोडे उडणार. संयोजकांनी थोडा विचार केला आणि बूट वाचवले. गुडघ्यांचं मग पोरींनी पाहून घेतलं.

बसण्याची व्यवस्था आपल्याला सावलीतून नीट दिसली नसेल, म्हणून सांगतो. मैदान 91.4 मीटर लांब. त्याच्या बरोबर मध्यावर, सूर्याकडे पाठ करून, आपला मांडव. पांढरी खोळ चढवलेले सोफे, पाण्याच्या बाटल्या, समोर झेंडूची तोरणं. मध्यरेषेवरून दोन्ही गोल सारखेच दिसतात. अख्ख्या मैदानात सावलीतली ही एकच जागा अशी, आणि तिथले सोफे सव्वाअकरापर्यंत रिकामे होते. आम्ही समोरच्या बाजूला, सूर्याकडे तोंड करून, कपाळावर हात धरून उभे. लांबून बघणाऱ्याला वाटलं असेल, दीडशे माणसं मांडवाला सॅल्यूट ठोकतायत. तसं ते नव्हतं, पण आपण तसं समजायला आमची हरकत नाही.

आपण आलात आणि खेळाडूंची ओळख करून घेतलीत. दोन्ही संघ, राखीव खेळाडू, प्रशिक्षक, पंच. सकाळी साडेनवाला वॉर्मअप करून बसलेल्या मुली तोवर इतक्या गार झाल्या होत्या, की हात मिळवताना आपल्याला बनारसच्या थंडीची कल्पना आली असेल. मग शाल, पुष्पगुच्छ, स्मृतिचिन्ह. मग पहिला फटका.

त्या फटक्याबद्दल दोन शब्द लिहिल्याशिवाय राहवत नाही. स्टिक हातात येताच आपण डावं कोपर वर काढलंत, पुढचा पाय टाकलात, डोकं चेंडूवर आणलंत. गावसकर खूष झाले असते. मात्र हॉकीच्या स्टिकला एक बाजू सपाट असते आणि एक गोलाकार. चेंडू सपाट बाजूनेच मारायचा, गोलाकार बाजूला लागला की फाउल. आपण गोलाकार बाजूने मारलात. पंचबाईंची शिट्टी ओठांत होती, गालही फुगले होते. त्यांनी ती वाजवली नाही. सगळ्या स्पर्धेत त्यांनी दिलेला हा एकमेव चुकीचा निर्णय, आणि टाळ्याही त्यालाच सर्वांत जास्त पडल्या.

भाषणात आपण मोहम्मद शाहिद यांचं नाव घेतलंत, बरं वाटलं. साधारण एक वाक्य होतं. पुढची दहा मिनिटं आपण गंजारीला उभ्या राहणाऱ्या क्रिकेट स्टेडियमबद्दल बोललात: प्रकाशाचे खांब त्रिशूळासारखे, प्रेक्षकांच्या जागा घाटाच्या पायऱ्यांसारख्या. माझ्या शेजारचे म्हातारेबुवा कचेरी भागातले, शाहिदना लहानपणापासून खेळताना पाहिलेले. 1980 च्या मॉस्को ऑलिंपिकच्या अंतिम सामन्यात भारताने स्पेनला 4-3 असं हरवलं, त्यातला एक गोल शाहिदचा. नंतर एवढं नाव झालं तरी नोकरी रेल्वेत आणि बिऱ्हाड बनारसलाच. 2016 साली गेले. हे सगळं बुवांनी मला गालात पान धरून सांगितलं. बनारसी शौकीन खेळ बघताना ओरडत नाही, कारण ओरडला तर पान जातं. चांगला पास झाला की हनुवटी वर, वाईट झाला की नाकातून एक "उंहूं". आपलं भाषण संपेपर्यंत बुवांनी तीनदा उंहूं केलं. चौथ्यांदा ते उठले आणि कोपऱ्यात जाऊन थुंकून आले.

ज्या गावाने शाहिद दिले, विवेक सिंह दिले, टोकियो आणि पॅरिसहून लागोपाठ ब्राँझ आणणारा ललित उपाध्याय दिला, तिथे हॉकी बघायला आलेल्या माणसाला खुर्ची मिळू नये, याचं मला वैषम्य वाटत नाही. पाहुण्याला खुर्ची देतात, घरच्याला नाही.

मी मात्र घरचा नव्हे. आमचा महाराष्ट्रातला संघ महानगरी एक्सप्रेसने आला होता, निम्मी तिकिटं वेटिंगवर. गोलकीपरची किट म्हणजे एक अख्खं माणूस असतं, ते दरवाजाशी उभं राहून आलं. फलटण तालुक्यातून वैष्णवी फाळके आणि अक्षता ढेकळे भारतीय संघात गेल्यापासून आमच्याकडच्या मुलींना हे सगळं सोसण्यासारखं वाटतं. मराठी पोरी आल्यात म्हणून दुर्गाघाटाकडून एक आजी नातवाचा हात धरून आल्या होत्या. पिढ्यान्‌पिढ्या काशीतलं घराणं. पहिला हल्ला चढला तशी आमच्या बाजूने आरोळी उठली, "हर हर महादेव!" यजमान कॉलेजच्या पोरांनी लगेच तीच आरोळी दिली, ती तर त्यांची रोजचीच. पुढे तासभर दोन्ही बाजू एकाच देवाला हाका मारत होत्या आणि कोण कुणाच्या बाजूने आहे, हे खुद्द महादेवालाही कळलं नसेल.

दुसऱ्या सत्रात आम्हाला पेनल्टी कॉर्नर मिळाला. हॉकी बघायला यावं ते ह्यासाठी. बचावाला गोलकीपर धरून पाचच जणी गोलरेषेमागे, तोंडावर मुखवटे, गुडघ्यात वाकलेल्या. बाकीच्या पार मध्यरेषेपलीकडे. डीच्या टोकाशी तिघी चेंडूची वाट बघत. आमच्या आजींनी नातवाचं तोंड हाताने दाबलं. आणि चेंडू आत ढकलला जाणार त्याच क्षणी कर्ण्यावरून आपल्या उर्वरित पदांची यादी सुरू झाली. निवेदकाला ती आधी वाचायची राहिली होती. थांबवणारीच्या स्टिकवरून चेंडू उडाला. कोणत्या तरी सहकारी संस्थेचं उपाध्यक्षपद ऐकू येईपर्यंत तो बाहेर गेला होता.

मध्यंतराला आपण निघालात. पुढे दुसरीकडे फीत कापायची होती. आपल्यामागे मांडवही उठला आणि सोफे पुन्हा रिकामे झाले. आम्ही आजींना नेऊन पहिल्या रांगेत बसवलं. स्वयंसेवकाने "राखीव"ची चिठ्ठी दाखवली. आजींनी ती चष्मा लावून वाचली, घडी करून पदराला बांधली आणि नातवाला मांडीवर घेतलं.

पुढच्या वर्षीही आपणच यावं, ही विनंती. फक्त वेळ संयोजकांनी आपल्याला एक कळवावी आणि पोरींना दुसरी.

कळावे,
उन्हातल्या बाजूचा एक प्रेक्षक

ता. क. निकाल आपल्यापर्यंत पोचला नसेल. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात आपला स्टिकसह फोटो होता, त्यात स्कोअरला जागा उरली नाही. 2-1. यजमान कॉलेज जिंकलं. शेवटच्या सत्रात त्यांच्या लेफ्ट विंगने आमच्या तिघींना चकवून असा गोल केला, की आमचे पानवाले बुवा पानासकट ओरडले. त्यांचा शर्ट धुवायला गेलाय.