बिडकीनच्या भूखंडास सविनय

प्रति,
मा. भूखंडसाहेब,
ऑरिक औद्योगिक नगरी, बिडकीन, ता. पैठण

विषय : आम्हालाही भूखंडाचा दर्जा मिळणेबाबत.
संदर्भ : आमचा नळ (कोरडा).

महोदय,

सर्वप्रथम अभिनंदन. कालपरवापर्यंत आपण साधं शिवार होता. शेतकऱ्याला मावेजा मिळाला, सातबारा बदलला आणि आपण एकदम साहेब झालात. २९ सप्टेंबर २०२४ रोजी पंतप्रधानांनी बिडकीनचं ७,८५५ एकरांचं औद्योगिक क्षेत्र राष्ट्राला अर्पण केलं. आम्ही याच जिल्ह्यात जन्मलो, रांगेत उभं राहून मतं दिली, घरपट्टी भरली. आम्हाला अजून कुणी राष्ट्राला अर्पण केलेलं नाही.

आपल्याकडे येणारी मंडळीही तोलामोलाची. ऑरिकच्याच शेंद्रा भागात ह्योसंगचे कोरियन लोक स्पॅन्डेक्सचा धागा काढतात. आपल्याकडे एथरच्या विजेवरच्या स्कूटर व्हायच्या आहेत. टोयोटाने जुलै २०२४ मध्ये सुमारे वीस हजार कोटींचा सामंजस्य करार केला. (करार म्हणजे कारखाना नव्हे, हे तळेगावकरांना विचारा. वेदांत-फॉक्सकॉनचा चिपचा प्रकल्प तिथे येणार येणार म्हणता २०२२ मध्ये गुजरातला गेला आणि वर्षभरात फॉक्सकॉनने त्यातूनही अंग काढून घेतलं. असो.)

ही मंडळी का येतात, हे कळायला फार डोकं लागत नाही. आपल्याला वीज, पाणी, सांडपाणी, केबल सगळं आधीच जमिनीखालून दिलेलं आहे. पर्यावरणाची परवानगी आधीच काढलेली. अर्ज ऑनलाइन. जाहिरातीत चोवीस तास पाण्याची हमी. जावयाचेही एवढे लाड होत नाहीत हो.

आता आमचं ऐका. आम्ही छत्रपती संभाजीनगरात राहतो. इथे डांबर वाळायच्या आत केबलवाला रस्ता खोदतो, त्याचा खड्डा बुजतो न बुजतो तोच ड्रेनेजवाले येतात. नळ रोज यायची चाल नाही. पाण्याचा दिवस आला की घरातलं कुणीतरी पहाटे उठून मोटारीपाशी बसतं. पहिलं पाणी गढूळ, ते सोडून द्यायचं. जरा निवळलं की शेजारची मोटार सुरू होते आणि आपली धार करंगळीएवढी होते. मग निळे ड्रम, हंडे, कळश्या, शेवटी पातेलीसुद्धा. साखरपुड्याची तारीख काढताना आमच्याकडे मुहूर्ताआधी नळाचा वार बघतात.

गंमत म्हणजे आपलं आणि आमचं पाणी एकाच नाथसागराचं, म्हणजे जायकवाडी धरणाचं. जायकवाडीतून उपसलेलं पाणी फारोळ्याला शुद्ध होतं आणि पैठण रस्त्याने, म्हणजे आपल्याच दारावरून, शहराकडे येतं. शहरासाठी नवी योजना १,६८० कोटींची होती, ती २,७४० कोटींवर गेली. काम वर्षानुवर्षं रेंगाळलं, आकडा मात्र कुठे अडला नाही.

आपल्याला पाणी देऊ नका, असं आम्ही म्हणत नाही. पोरांना नोकऱ्या हव्यात. ८० टक्के स्थानिकांना काम, हे सरकारी धोरण आम्हाला पाठ आहे. आपल्याकडे कामाला येणारा पोरगाही शेवटी आमच्याच घरून, कळशीभर पाण्यात अंघोळ उरकून बस धरणार. आम्हाला एवढंच कळलं, की सरकारला नगरी वसवता येते. आधी नळ, मग माणूस, हा क्रमही त्याला ठाऊक आहे. आणि ज्याला भूखंड क्रमांक असतो, त्याचंच काम मुदतीत होतं.

तरी कृपया आमच्या गल्लीची भूखंड म्हणून नोंद व्हावी. गुंतवणूक म्हणून तीन पिढ्यांची घरपट्टी धरावी. हे जमणार नसेल, तर नकाराचं पत्र तरी आपल्याकडच्यासारखं ऑनलाइन आणि वेळेत पाठवावं.

कळावे.

आपला,
एक अविकसित नागरिक

ता. क. : उत्तर मंगळवारी पाठवू नये. त्या दिवशी नळ येतो. घरात कुणाला फोनकडे बघायला सवड नसते.