मामा कुठे होते?

अहो, जरा इकडे कुंपणापाशी या ना. गॅस बंद करून या, हे दोन मिनिटांत आटपण्यासारखं नाही. ऐकलंत का, कोपऱ्यावरच्या बंगल्यातल्या मामांनी सोसायटीचा व्हॉट्सॅप ग्रूप सोडला! रविवारी रात्री पावणेबाराला. 'लेफ्ट'. एक अक्षर न बोलता. आणि सगळं त्या सुंदरबनच्या ट्रिपवरून. हो, तीच, डिसेंबरातली. मी गेले नव्हते, माझे गुडघे तुम्हाला ठाऊकच आहेत. पण आजींच्या सूनबाईंनी अर्धं सांगितलं आणि मामींनी उरलेलं. दोघींच्या सांगण्यात जेवढं जुळतं तेवढंच मी बोलते, पदरचं काही घालत नाही.

आता मामा म्हणजे… हळू बोला, त्यांची खिडकी उघडी आहे. बँकेतून रिटायर झाल्यापासून हातात तो लांबलचक लेन्सचा कॅमेरा. निघायच्या आधी महिनाभर रोज सकाळी ग्रूपवर माहिती. १९७३ साली व्याघ्र प्रकल्प, १९८४ साली राष्ट्रीय उद्यान, १९८७ साली जागतिक वारसा. आपल्या बाजूच्या जंगलात वाघ शंभराच्या आसपास, बाकीचं जंगल बांगलादेशात. "शंभरातला एक तरी फोटोत घेऊन येतो की नाही बघा," म्हणाले. आणि आजींना काय म्हणाले माहितेय? "आजी, तुम्ही कशाला दगदग करता? तुम्हाला काय दिसणार तिथे!" सूनबाईंचा चेहरा असा उतरला! आजी मात्र काही बोलल्या नाहीत. बॅगेत जपाची माळ टाकली आणि निघाल्या.

तर काय सांगत होते… कोलकात्याहून बसने गदखालीच्या धक्क्यापर्यंत, तीन-साडेतीन तास. तिथून पुढे रस्ताच नाही, सगळं पाण्यावरून. दोन मजली लाँच. वर खुर्च्या टाकलेल्या, खाली स्वयंपाकघर, झोपायच्या फळ्या आणि बाथरूम. बाथरूम खाली, हे लक्षात ठेवा बरं का.

पहिल्याच दिवशी गोसाबाला उतरवलं. तिथे हॅमिल्टन नावाच्या स्कॉटिश साहेबाचा लाकडी बंगला आहे. रवींद्रनाथ टागोर १९३२ साली गोसाबाला येऊन राहिले होते. त्या साहेबाने शेतकऱ्यांना सावकारापासून सोडवायला सहकारी पतपेढी काढली, तांदळाची गिरणी काढली आणि १९३६ साली चक्क स्वतःची एक रुपयाची नोट छापली! झालं. मामा बँकेतले. त्या नोटेवर तिथेच उन्हात उभं राहून लेक्चर. टूर मॅनेजर पोरगा घड्याळाकडे बघतोय, लाँचवाला भोंगा वाजवतोय, कारण ओहोटी लागली की अरुंद खाड्यांत लाँच शिरत नाही. मामा आपले व्याजाच्या दरावर. शेवटी मामींनीच बाही ओढून आणलं.

जंगलात जायचं तर सजनेखालीला परमिट घ्यावं लागतं, आणि लाँचवर गाईड असल्याशिवाय सोडतच नाहीत. त्यांचा गाईड तिकडचाच, गोसाबाच्या बाजूचा, पन्नाशीचा शांत माणूस. हा चढला तेव्हा वर अंताक्षरी रंगात आलेली. बिचारा तोंडावर बोट ठेवून उभा राहिला. मग त्याने नियम सांगितले. पाण्यात काही टाकायचं नाही, टॉवर सोडून कुठे उतरायचं नाही, आणि जंगलात वाघाचं नाव घ्यायचं नाही. इथले लोक घेत नाहीत. दिसला तर 'मामा' म्हणायचं.

सगळे आपल्या मामांकडे बघून फिदीफिदी हसले. मामा पण हसले तेव्हा. तेव्हा हसले हं!

सजनेखालीला बोनबीबीचं देऊळ आहे. वनाची देवी, पण मूळची मक्का-मदिनेकडची मानतात. तिला हिंदूही पुजतात, मुसलमानही. मध काढणारे, मासेमारी करणारे, खेकडे पकडणारे, सगळे आधी तिला हात जोडणार आणि मगच जंगलात पाऊल ठेवणार. गाईडने गोष्ट सांगितली. दुखे नावाचा गरीब विधवेचा पोर. चुलता त्याला मध काढायला घेऊन गेला आणि मध-मेणाच्या बदल्यात वाघाच्या रूपातल्या दक्षिणरायाला देऊन टाकला! पोराने बोनबीबीचा धावा केला आणि ती धावली. आजींनी डोळ्यांना पदर लावला. त्यांचं माहेर तळकोकणातलं, वाघबारस पाळणारं घर, त्यांना यात परकं काही वाटलंच नाही. म्हणाल्या, "चुलत्यालाच आधी खायला हवं होतं." गाईडला अर्थ कळला नसणार, पण मान डोलावली त्याने.

बाकी दिसलं पुष्कळ. चिखलातून वर आलेली झाडांची मुळं, श्वास घ्यायला वर येतात म्हणे, खाऱ्या चिखलात हवा नसते ना. एकच नांगी मोठी असलेले लाल खेकडे, चिखलावर उड्या मारणारे मासे, घोरपडी, चितळं, खंड्याचे कितीतरी प्रकार. काठावर सुस्त पडलेली मगर, तिला बघून एका वहिनींनी "प्लास्टिकची आहे का?" विचारलं आणि तेवढ्यात ती सरसर पाण्यात! सुधन्यखालीच्या टॉवरसमोर गोड्या पाण्याचं तळं आहे, जनावरं प्यायला येतात. तिथे मामा तास-दीड तास तिपाई लावून बसले. एक रानडुक्कर आलं.

आणि हो, त्याच मगरवाल्या वहिनी! मार्गशीर्षातला गुरुवार, इथून निघताना मला म्हणाल्या होत्या, "मी नेम मोडणार नाही." आणि लाँचवर गोलदा चिंगडीचं, म्हणजे मोठ्या कोळंबीचं कालवण आलं, नारळाच्या दुधातलं… दोनदा वाढून घेतलं म्हणे. वर म्हणतात, तिकडे पंचांग वेगळं असतं! असो, त्यांचं त्यांच्याजवळ. त्यांना वाघ मागून झडप घालतो हेही कळलं होतं. ऐंशीच्या दशकात तिकडच्या माणसांना डोक्याच्या मागे बांधायला मुखवटे दिले होते, वाघाला वाटावं माणूस आपल्याकडेच बघतोय. तर ह्या बाई दिवसभर गॉगल मागे लावून बसल्या. वरच्या डेकवर!

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत वाघ नाही म्हटल्यावर कुरकूर सुरू झाली. एक काका बोललेच, "इतके पैसे घेतले, वाघ कुठाय?" गाईड काही वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, आमच्या गावांत ज्या बायकांचे नवरे वाघाने नेले त्यांना बाघबिधवा म्हणतात. सासरी पायगुण वाईट म्हणून हिणवतात, काहींना बाहेर काढतात. ज्या दिवशी वाघ दिसत नाही तो दिवस आमच्याकडे चांगला. काकांचा चेहरा बघण्यासारखा झाला म्हणे. हातातली भजी तशीच बशीत ठेवली. मग बराच वेळ नुसतं इंजिन ऐकू येत होतं. सूनबाई सांगताना अजूनही थांबतात इथे.

तर काय सांगत होते… हां. पीरखालीच्या बाजूची खाडी. तिसरा प्रहर, ओहोटी लागलेली, दोन्ही काठांना चिखल उघडा पडलेला. सगळी मंडळी पुढे, उजव्या कठड्याला, कारण तिकडे हरणं होती. गाईडही पुढेच. आजी एकट्या मागे. त्यांच्या कानाला वारा सोसत नाही, म्हणून पहिल्या दिवसापासून खुर्ची उलटी करून बसायच्या, मागे तोंड करून, माळ ओढत. आणि लाँच जिथून पुढे आली त्याच पाण्यातून त्यांना दिसलं. तांब्याची घागर पालथी तरंगत यावी तसं डोकं, दोन कान, आणि मागे पाण्यावर पाठीची रेघ. सरळ एका काठाकडून दुसऱ्या काठाकडे.

आता आजी पडल्या नियमाच्या पक्क्या. वाघ म्हणायचं नाही ना? त्या ओरडल्या, "मामा! अहो मामा! मामा!"

आणि पुढून मामी, मागे वळूनही न बघता, "खाली गेलेत हो, येतील आत्ता!"

आई गं! मला सांगताना मामींना हसू आवरेना, आणि रडूही. आजी हाका मारतायत, मामी म्हणतायत, "पोट बिघडलंय त्यांचं, थांबा जरा!" गाईडच्या डोक्यात प्रकाश पडला. तो मागे धावला तोवर वाघ काठावर चढून, अंग झटकून हेंताळीत शिरला. ते शिंदीसारखं झुडूप असतं, पिवळं-हिरवं, त्यात वाघ असला तरी दिसत नाही. गाईडला नुसती हलणारी पानं दिसली. बाकीच्यांना तीही नाहीत.

मग मामा वर आले. नॅपकिनला हात पुसत. "काय झालं?" कुणी बोलेना. आणि ज्या मामांनी आजींना 'तुम्हाला काय दिसणार' म्हटलं होतं त्यांना आजींनी सांगितलं, "तुम्हालाच हाका मारत होते." त्यांचा चेहरा… मामी म्हणतात, लग्नाला चाळीस वर्षं होत आली, असा चेहरा पाहिला नव्हता.

पण हार मानतील तर ते मामा कसले! "आजींना भास झाला. हरीण असेल, ओंडका असेल." तेव्हा गाईडने लाँच वळवली, काठाजवळ नेली. चिखलात पाण्यापासून झाडीपर्यंत पंज्यांची रांग. मामा म्हणतात, "हे कालचे आहेत." गाईड इतका वेळ गप्प असलेला माणूस, पहिल्यांदा हसला. म्हणाला, साहेब, इथे दिवसातून दोनदा भरती येते. सकाळी हा चिखल पूर्ण पाण्याखाली होता. कालचं काही राहत नाही इथे. आणि बघा, पंज्यांत अजून पाणी झिरपतंय.

मग त्याने आजींना वाकून नमस्कार केला. मगरवाल्या वहिनींनी गॉगल पुढे घेतला.

फोटो आहे तो त्या पंज्यांचा. मामांनीच काढला, सुरेख काढलाय, खोटं कशाला बोला. आणि तोच रविवारी हॉलमधल्या स्लाइड शोमध्ये दाखवला. तुम्ही लवकर उठून गेलात, नाहीतर बघायला मिळालं असतं! आधी किती वेळ खंड्याच खंड्या, मग हा पंजा, आणि मामा माइकवर म्हणतात, "हा थरारक क्षण आम्ही प्रत्यक्ष अनुभवला. वाघ आमच्या डोळ्यांसमोरून…"

पहिल्या रांगेतून आजी, आपल्या नेहमीच्या खणखणीत आवाजात, "आमच्या डोळ्यांसमोरून. तुम्ही खाली होतात."

बरं, तेवढ्यावर थांबलं असतं. पण ते सी विंगमधलं कार्टं उभं राहिलं, "आजी, खाली कुठे?" आणि हॉलमध्ये सगळ्यात आधी कोण हसलं असेल? मामी! तोंडाला रुमाल लावून, खांदे हलतायत नुसते. त्याच रात्री ते 'लेफ्ट' आलं.

आता आतली बातमी ऐका. मामी आणि आजी पुढच्या थंडीत भितरकनिकाला चालल्यात, ओडिशात. नावं दिलीसुद्धा. मामांना अजून विचारलेलं नाही. तिथेही बोटच आहे, खाड्याच आहेत, पण वाघ नाही, नुसत्या मगरी. म्हणजे मामा आले काय आणि खाली गेले काय, हाक मारायची पंचाईत नाही.