दिमोनामामा

अलिबागला येणारा पाहुणा स्टँडवर उतरला की रस्ता विचारतो. दिमोनामामा उतरले की रस्ता सांगतात, आणि तोही रिक्षावाल्याला. "इस्रायल आळी ना? मग असा कुठे चाललास? पुढे चिंच लागेल, तिथून डावीकडे घे." रिक्षावाला तिशीतला. चिंच त्याच्या जन्माआधीच तुटली आणि तिच्या जागी औषधांचं दुकान उभं राहिलं. "तिथे चिंच नाहीये काका." "नसायला काय झालं? दोघांच्या कवेत मावत नाही एवढा बुंधा आहे तिचा!" शेवटी रिक्षावाला आपल्या वाटेने जातो, दारात आणून सोडतो, आणि मामा पैसे देताना त्याला बजावतात की लांबून आणलंस.

दिमोनामामा हे एका माणसाचं नाव समजू नका. पाऊस सरला, हवेत गारवा आला की असे मामा आमच्याकडे येऊ लागतात. कोणी अश्दोदहून, कोणी लोदहून, कोणी बीरशेबाहून. वय सत्तरीच्या पुढे, डोक्यावर टोपी, पायात वाळवंट तुडवतील असे बूट, आणि आडनावाच्या शेवटी हमखास 'कर'. त्या 'कर'च्या आधी जे गाव असतं ते अलिबागहून सायकलवर जाण्याच्या अंतरावर: थळ, किहीम, नवगाव, झिराड, पेझारी. हे बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले यहुदी. साठ वर्षांपूर्वी इथून उठून इस्रायलला गेले. मी लिहितोय ते आमच्या वाट्याला आलेल्या मामांबद्दल, कारण त्यांचा चहा आमच्याकडे असतो. आईला सख्खा भाऊ नव्हता. भिंतीला भिंत लागून असलेल्या घरातल्या ह्या मुलाला ती राखी बांधायची. पुढे तो विमानात बसून तिकडच्या दिमोनाला गेला, कापडगिरणीत लागला, पेन्शनीत निघाला, आजोबा झाला. आई अजून त्याला "अरे दादा" म्हणते आणि चहात साखर कमी घालते.

मामांचा खरा हुद्दा पेन्शनर हा नाहीच. दिमोनात ते अलिबागचे अधिकृत जाणकार आहेत. तिथे कोणाला मुलीच्या हळदीला लागणाऱ्या वस्तूंची यादी हवी असो, कोणाच्या पणजोबांचं घर नेमकं कुठे होतं ह्यावर वाद असो, निकाल मामा देतात. इतकी वर्षं हे पद त्यांनी बिनविरोध सांभाळलं. विरोध होतो तो फक्त अलिबागला आल्यावर, आणि तो करतं खुद्द अलिबाग.

पहिला खटका जिल्ह्यावरून. मामा पत्त्यात 'जिल्हा कुलाबा' लिहितात. जिल्ह्याचं नाव १९८१ साली रायगड झालं, हे त्यांना ठाऊक आहे. पण ती बातमी त्यांना मान्य नाही. दुसरा खटका बोटीवरून. मुंबईहून अलिबागला यायचं म्हणजे भाऊच्या धक्क्यावरून लाँच, रेवसला उतरायचं आणि तिथून एसटी. आता मोटारगाडीसकट मांडव्याला आणून सोडणारी रो-रो आहे असं सांगितलं, की ते समजूतदारपणे हसतात. गाडी बोटीत बसते असं सांगणारा माणूस मुंबईत कोणाच्या तरी हातून फसलेला आहे, असं त्या हसण्यातून मला कळतं.

आमच्या गावात चुंबकीय वेधशाळा आहे. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यांनी सुईची मोजमापं बिघडणार, म्हणून कुलाब्याची वेधशाळा १९०४च्या सुमाराला इथे आणली. मामांच्या डोक्यातल्या सुईला ट्राम, रो-रो, रिसॉर्ट, कशाचाही त्रास होत नाही. ती १९६०च्या दशकात जिथे थांबली तिथेच आहे, आणि उत्तर दिशा तीच दाखवते.

ह्या खेपेला मामांबरोबर नात होती. लष्करातली सक्तीची नोकरी संपवून आलेली. तिकडची मुलं लष्करातून सुटली की पाठीवर बोचकं टाकून भारतात येतात आणि हिमाचल नाहीतर गोवा गाठतात. हिचाही तोच बेत होता. मामांनी तिकिटाचे पैसे देताना अट घातली: आधी देश, मग गोवा. देश म्हणजे नवगाव, सागाव आणि ठाण्याची मावशी. पोरीला मराठी येतं, पण ते स्वयंपाकाचं आणि रागाचं. 'वरण', 'पुरे', 'गप बस', 'अगं बाई' आणि 'कार्टी' एवढ्या भांडवलावर तिने आमच्या आईशी अख्खी दुपार गप्पा मारल्या. आईला ती आवडली. तिने आईला मृत समुद्राच्या चिखलाचं पाकीट दिलं, तोंडाला लावायला. आईने ते उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाली, "दादा, तिला सांग, पावसात ये. फुकट मिळेल."

ठाण्याची मावशी म्हणजे मामांची मावसबहीण. ती इस्रायलला गेली नाही, आणि का गेली नाही हे भांडण दोघांनी नीट जपून ठेवलंय. ठाण्याला यहुद्यांची वस्ती अजून बऱ्यापैकी आहे, १८७९ सालचं शार हाशामायिम सिनेगॉग आहे, सणाला जागा मिळत नाही म्हणते ती. मामा ठाण्यात बसून दिमोनाचे गोडवे गातात: तिथे रस्ते कसे, दवाखाने कसे. मावशी ऐकून घेते आणि वाटीत चिकाचा हलवा वाढते. तो खाताना मामांचा आवाज बसतो. "दिमोनात असा होत नाही." "का रे? दवाखाने आहेत ना?"

नवगावला मी त्यांच्याबरोबर होतो. बेने इस्रायलींची परंपरा सांगते, की सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी ह्याच किनाऱ्याजवळ त्यांच्या पूर्वजांचं जहाज फुटलं. सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या. त्यांची वस्ती वाढली, घाण्यावर तेल काढायचा धंदा धरला, शनिवारी घाणा बंद, म्हणून गावाने त्यांना नाव दिलं शनिवार तेली. इतिहासाचे अभ्यासक काळावरून वाद घालतात. मामांना वाद घालायची गरज पडत नाही, कारण त्यांच्या सांगण्याची पद्धत हजर असलेल्या माणसाची आहे. "वारा असा होता. जहाज त्या खडकाला लागलं. बाया ह्या अंगाने वर आल्या." नातीने हिब्रूत काहीतरी विचारलं. मामांनी मला मराठीत सांगितलं, "विचारते, तुम्हाला कसं माहीत. आता हिला काय सांगू? गावात सगळ्यांना माहीत आहे."

मग स्मशानातल्या जुन्या कबरींपाशी उभं राहून ते जरा वेळ गप्प बसले. गप्प म्हणजे मामांच्या मानाने. तेवढ्यात त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. एक म्हणजे इस्रायलमध्ये गेल्यावर तिथल्या धर्मपीठाने लग्नाच्या वेळी ह्यांच्या यहुदीपणाची उलटतपासणी मांडली, ह्यांच्या लोकांनी जेरुसलेममध्ये ठाण मांडलं, आणि १९६४ साली सरकारने निर्वाळा दिला की हे पूर्ण यहुदी. दुसरी म्हणजे आमच्या अलिबागात असं कधी कोणी विचारलं नाही. "इथे एवढंच विचारायचे, की उद्या शनिवार, मग तेल आजच नेऊ का?"

सागावला मात्र नातीने मामांना गाठलं. तिथे कातळावर खुणा आहेत. एलियाहू हन्नाबी, म्हणजे एलिया प्रेषित, अग्निरथातून स्वर्गात गेला तो इथून. ह्या खुणा घोड्याच्या टापांच्या आणि रथाच्या चाकांच्या. जागेला नावच 'एलियाहू हन्नाबीचा टापा'. इस्रायलहून आलेला बेने इस्रायली इथे आल्याशिवाय परत जात नाही. नवस फेडायचा, मलिदा करायचा: गोड पोहे, ओलं खोबरं, फळं. त्या पोह्यांना मी तरी नाव ठेवणार नाही. नात शाळेत बायबल शिकलेली. ती म्हणाली, प्रेषित गेला तो यार्देन नदीच्या काठावरून, तसं ग्रंथात लिहिलंय, ती जागा दिमोनाहून काही फार लांब नाही. मामांनी पोह्यांचा घास संपवला.

"तिथूनही गेला असेल," ते म्हणाले. "इथून आधी गेला."

बाजारात मामांची आणखी एक परीक्षा असते. ज्या माशाला खवलं आणि पर आहेत तोच खायचा. म्हणजे सुरमई चालते, रावस चालतो. कोळंबी, खेकडा, शेवंड वर्ज्य. आता अलिबागला येऊन कोळंबीकडे पाठ फिरवायची ह्यासाठी केवढा धर्म अंगात असावा लागतो, हे कोळंबी खाणाऱ्यालाच समजेल. मामा पाठ फिरवत नाहीत. ते कोळंबीच्या टोपलीपाशी थांबतात, भाव विचारतात, "महाग आहे" म्हणतात आणि पुढे जातात. कोळणी त्यांना ओळखून आहेत. त्या भाव दरवेळी कमी करतात, अगदी अर्ध्यावर आणतात, आणि मामांना पळता भुई थोडी होते.

पण एक विषय असा आहे की त्यात अख्खं अलिबाग मामांपुढे हरतं. तो म्हणजे भरती-ओहोटी. आमच्या किनाऱ्यावर जुना हिशोब आहे: तिथीची पाऊणपट करा, तेवढ्या वाजता पूर्ण भरती. मामांनी शाळेत पाऊणकी घोकलेली, त्यामुळे चतुर्थी म्हटली की तोंडातून आपोआप निघतं, "चार पाऊण तीन." तीनला भरती. पौर्णिमा, तर पंधरा पाऊण सव्वाअकरा. पंधरवडा उलटला की पुन्हा एकपासून. भरतीनंतर सहा तासांनी ओहोटी. दिमोनाच्या वाळवंटात हे कशाला लागतं, असं विचाराल. तिथून जवळचा समुद्र मृत, त्याला भरती नाही. पण घरात सिनेगॉगचं कॅलेंडर आहे, आणि हिब्रू महिनाही चंद्राचाच. अमावास्येनंतर सुरू होतो, पंधराला पौर्णिमा. म्हणजे तारीख हीच तिथी. मामा गिरणीत असताना कॅलेंडर बघायचे, पाऊणपट करायचे, साडेतीन तासांचा फरक वजा करायचे आणि शेजारच्या मागावरच्या मोरोक्कोच्या माणसाला सांगायचे, आता अलिबागला पाणी चढतंय. हे कशाला सांगतोस, असं विचारणं त्या माणसाने पुढेपुढे सोडून दिलं. उलट तोच मामांना विचारायचा म्हणे, आज कसं काय पाणी?

तर त्या दिवशी चतुर्थी होती आणि आम्ही किनाऱ्यावर उभे. समोर कुलाबा किल्ला. ओहोटीला चालत किंवा घोडागाडीतून जाता येतं, भरतीत होडी. दुपारचे बारा वाजलेले. मुंबईची सात-आठ पोरं पँटी दुमडून निघाली होती. मामांनी त्यांना अडवलं. "आत्ता नका जाऊ. तीनला भरती आहे. जायचं होतं तर सकाळी नऊला." एका पोराने पाण्याकडे पाहिलं, ते घोट्याएवढं. "काका, आत्ता तर सुकंच आहे." मग जाताजाता त्याने मित्राला हळूच, पण ऐकू येईल असं, मुंबईचं ते ठरलेलं वाक्य ऐकवलं: "अलिबाग से आया है क्या?"

ह्या वाक्याचा आम्हां अलिबागकरांना एवढा राग, की एकाने २०१९ साली उच्च न्यायालयात याचिका केली. न्यायालयाने ती फेटाळली. असे विनोद सगळ्यांवरच होतात, मनावर घेऊ नका. मी मनावर घेतलं. मामांनी मात्र त्या पोराला थांबवून सरळ उत्तर दिलं. "हो. तुला कसं कळलं?" त्यांचा चेहरा उजळला होता. इतक्या दिवसांत त्यांना अलिबागचा म्हणून ओळखणारा तो पहिलाच माणूस.

पोरं गेली. तीनच्या सुमाराला होडीत बसून, भाव करायची सोय न उरलेल्या माणसांसारखी, परत आली. मामा वाळूत खुर्ची टाकून वाटच बघत होते. घड्याळ दाखवून म्हणाले, "चार पाऊण तीन." पोरांना ओ की ठो कळलं नाही. नातीला कळलं. तिने संध्याकाळी मला मोबाइलमध्ये पाऊणकी बोलून दाखवली, पाच पाऊण पावणेचारपर्यंत, हिब्रू हेल काढून. त्यानंतर गोवा दोन दिवस पुढे ढकलला गेला. कारण तिने सांगितलं नाही. मामांना वाटतं, नवगावचा परिणाम. आईला वाटतं, वालाच्या बिरड्याचा.

निघायच्या दिवशी सामान बांधायला आळी लोटली. पांढऱ्या कांद्यांच्या वेण्या नुकत्या बाजारात आल्या होत्या, त्या चार. कडवे वाल, जाडे पोहे, आमसुलं, कोणाचं कोणाच्या सुनेसाठी लाखेचं पाकीट, कोणाची अश्दोदला द्यायची लग्नपत्रिका. पुढचं नातीने पाठवलेल्या आवाजी निरोपातून कळलं. इस्रायलला जाणाऱ्या विमानाच्या रांगेत सुरक्षेवाली मुलगी प्रश्न विचारते; ते सगळ्यांनाच विचारतात. बॅग कोणी भरली? "बहिणीने." सख्खी? "सख्खीपेक्षा जास्त." यहुदी आहे का? "नाही, पण शनिवार पाळायला तिनेच मला लावलं, शाळेच्या सहलीला जात होतो तेव्हा." दुसऱ्या कोणी काही नेण्यासाठी दिलं का?

नात म्हणते, मी आजोबांचा कोट ओढत होते, नाही म्हणा, नुसतं नाही म्हणा. मामांनी टोपी सारखी केली आणि त्या मुलीला विचारलं, की आळीच्या ह्या टोकापासून सांगू का त्या टोकापासून.