गाडी झोपतेय

बॉनेट उघडल्याचा आवाज आमच्या कोथरूडच्या सोसायटीत दोघांनाच ऐकू येतो: ज्याने उघडलं त्याला आणि मीटरकाकांना. दुसऱ्या मिनिटाला काका पार्किंगमध्ये हजर. अंगात बनियन, खाली बर्म्युडा, गळ्यात दोरीला बांधलेला टॉर्च आणि हातात पिवळा मल्टीमीटर. टेलिफोन खात्यातून रिटायर झालेल्या या माणसाला लोक मदतीला आलेला समजतात. काका तपासाला आलेले असतात. गाडी सुरू होणं ही त्यांच्या लेखी दुय्यम बाब.

माझी गाडी शनिवार-रविवारची. एरवी मी वनाझहून मेट्रोने जातो. अपवाद एकच, गुरुवारी आईला धनकवडीला शंकर महाराजांच्या मठात न्यायचं. पण रविवारी रात्री लावलेली गाडी गुरुवारी सकाळी सेल्फ मारला की नुसती किट-किट करायची. गॅरेजवाल्याने बॅटरी बदलायला लावली. पुढच्या गुरुवारी नवीही बसली. आई म्हणाली, "महाराजांच्याच मनात नसेल." काका म्हणाले, "चोर सोडून संन्याशाला फाशी दिलीस. कितव्या दिवशी मेली?"

"साडेतीन दिवसांनी."

त्यांचा चेहरा उजळला. मी जंपर केबल काढायला गेलो तर ओरडले, "पुराव्याला हात लावू नकोस!" आणि बॅटरी सोडवून घरी घेऊन गेले. दोन दिवस ती त्यांच्या गॅलरीत तुळशीशेजारी चार्जरला होती. काकू दोघींनाही पाणी घालायला निघाल्या होत्या म्हणतात.

रविवारी सकाळी बॅटरीचं व्होल्टेज १२.६ भरलं, म्हणजे तब्येत ठणठणीत. काकांनी निगेटिव्ह वायर सोडवून मधे मीटर जोडला, दाराच्या कुलपात स्क्रू ड्रायव्हर खुपसून गाडीला दार बंद असल्याचं भासवलं आणि माझी किल्ली वॉचमनच्या केबिनमध्ये ठेवायला लावली. "किल्ली मारलीस तर मीटरचा फ्यूज उडेल, आणि किल्ली जवळ असली तरी गाडी जागी होते. आता अर्धा तास कोणी बोलायचं नाही. गाडी झोपतेय."

हल्लीच्या गाड्यांमधले छोटे छोटे कॉम्प्युटर लॉक केल्यावर एकेक करून झोपी जातात. ते झोपल्याशिवाय खरा आकडा कळत नाही. हे मला मान्य होतं. पण कचऱ्याची गाडी आली तेव्हा काका तोंडावर बोट ठेवून तिच्याही समोर गेले. विसाव्या मिनिटाला ए विंगच्या एका पोराने चेंडू काढताना मागचं दार उघडलं. आतला दिवा लागला. नुकताच डोळा लागलेलं बाळ उठवल्यावर आई ज्या नजरेने बघते, त्या नजरेने काकांनी त्याच्याकडे बघितलं आणि घड्याळ पुन्हा शून्यावरून लावलं.

शेवटी आकडा स्थिरावला: ०.४३. "पन्नास मिलिअँपच्या आत असेल तर गाडी निरोगी. हे चारशे तीस! दिवसाला दहा अँपिअर-अवर खातंय कोणीतरी. तुझी बॅटरी पस्तीसची. कर भागाकार." भागाकार साडेतीन आला. गुरुवारचं गणित महाराजांच्या हातून सुटून काकांच्या हाती आलं.

मग एकेक फ्यूज उपटून बशीत. हॉर्नचा काढला, आकडा ढिम्म. स्टिरिओचा काढला, ढिम्म. ज्या डॅशकॅमवर माझा संशय होता तोही निर्दोष सुटला. अकराव्या फ्यूजला आकडा धाडकन ०.०२ वर आला. आतल्या दिव्यांचा फ्यूज! छताचा दिवा बंद होता, समोरच्या कप्प्याचाही. उरली डिकी.

"झाकण लावल्यावर आत दिवा विझतो का, हे कसं कळणार?" काकांनी विचारलं. मी म्हटलं, "फोनवर व्हिडिओ लावून आत ठेवू."

"साक्षीदार माणूसच हवा," म्हणत त्यांनी फ्यूज परत बसवला.

स्टेपनीला पाठ आणि गुडघे हनुवटीला लावून मी डिकीत शिरलो. झाकण बंद झालं. माझ्या कानाजवळ पाच वॅटचा पिवळा बल्ब सुखाने जळत होता. झाकण मिटलं की जे बटण दाबलं जायला हवं, त्याची रबरी टोपी झिजून गेली होती. मी हे ओरडून सांगणार तेवढ्यात बाहेरून आईचा आवाज आला, "अहो, आमचा हा कुठाय?"

"डिकीत आहे, वहिनी. एक मिनिट, निकाल लागतोय."

बल्ब काढला, बॅटरी जोडली, गाडी पहिल्या सेल्फला सुरू झाली. गुरुवार हुकला तर रविवार, म्हणत आई नारळ घेऊन पुढच्या सीटवर जाऊन बसली. काका मात्र बॉनेटवर हात ठेवून उभेच. मघाचे ०.०२ त्यांच्या डोक्यातून जात नव्हते.

"काका, घड्याळ, अलार्म, स्टिरिओची मेमरी, एवढ्यांना वीस लागणारच. तुम्हीच म्हणालात, पन्नासपर्यंत चालतं."

"चालतं रे," ते म्हणाले. "तू जाऊन ये मठात. पण आल्यावर हाक मार. कोणाला किती जातात ते बघू."