चिवडा नको, फीलर गेज पाठवा

काउली, ऑक्सफर्ड
रविवार, रात्री उशिरा

ती. बाबांना सा. न.

हे पत्र मुद्दाम कागदावर लिहितेय. व्हॉट्सॲपवर लिहिलं असतं तर शेजारी बसलेल्या तुमच्या चिरंजीवांनी वाचलं असतं. परवा तुम्ही फोनवर विचारलंत, "गाडी घेतली म्हणे, कोणती?" त्यावर त्यांनी "निळी" एवढंच सांगून हवापाण्याचा विषय काढला. तर बाबा, गाडी 1967 सालची आहे. मॉरिस मायनर. माझ्यापेक्षा सतरा वर्षांनी मोठी, तेव्हा खरं तर मी तिला अहोजाहो करायला हवं.

फोटो बघून तुम्हाला अ‍ॅम्बॅसिडर आठवेल, आणि त्यात काही चूक नाही. अ‍ॅम्बॅसिडर जिच्यावरून बेतली ती मॉरिस ऑक्सफर्ड आमच्या इथल्याच कारखान्यातली, आणि ही मायनरही तिथलीच. आता तिथे मिनी बनते. मायनर आखली अ‍ॅलेक इसिगोनिसने, पुढे मिनीही त्यानेच. मालक लॉर्ड नफिल्ड यांनी मात्र मायनर बघून 'हे तर पाण्यात सोडलेलं अंडं' म्हणून नाक मुरडलं होतं. 1948 ते 1971 या काळात अशी सोळा लाखांवर अंडी तयार झाली. हा सगळा इतिहास चिरंजीवांना तोंडपाठ आहे. बॉनेट कसं उघडायचं ते मात्र मला शोधावं लागलं.

विकणाऱ्याने गाडीला असं पॉलिश मारलं होतं की यांनी त्यात स्वतःचं तोंड बघितलं आणि पैसे देऊन टाकले. दुसऱ्या दिवशी शेजारचे आजोबा लोहचुंबक घेऊन आले. त्यांची उमेदीची वर्षं त्याच कारखान्यात गेलेली. दाराखालच्या पट्टीला चुंबक काही केल्या चिकटेना. चिकटणार कुठून? तिथे पत्राच नव्हता, नुसती लांबी भरली होती. इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात आणि ते गाडीला खालून खातं. जुनी गाडी घ्यायची तर आधी खाली आडवं व्हायचं, रंग मग बघायचा. हे तुम्ही आम्हाला फुकट सांगितलं असतंत. आम्ही ते विकत शिकलो.

गंमत म्हणजे चाळीस वर्षांवरच्या गाडीला इथे रोडटॅक्स भरावा लागत नाही, आणि दरवर्षीच्या तपासणीतूनही सूट आहे. सरकारचा म्हाताऱ्यांवर फार विश्वास.

आता गणपतीची हकिगत. लंडनला मंडळाच्या गणपतीला निघालो होतो. मोटरवेची हिंमत नव्हती म्हणून जुन्या ए-40 ने. मागे तुमची नात, तिच्या मांडीवर एकवीस उकडीचे मोदक, आणि मी नऊवारीत. स्टोकनचर्चच्या अलीकडच्या चढावर गाडीला दोन उचक्या लागल्या आणि ती थांबली. पेट्रोल होतं, बॅटरी होती. चिरंजीवांनी मोबाइल काढला. मी कान लावला. तुम्ही चेतक स्कूटरसमोर बसून म्हणायचात ना, "आधी कान लाव, मग पाना लाव." किल्ली फिरवली की बॉनेटखालून पेट्रोल पंपाची टिकटिक यायला हवी. विजेवर चालतो तो पंप, एस.यू. नावाचा. टिकटिक नव्हती. आजोबांनी एकदा सांगितलं होतं, त्याच्या आतले पॉइंट चिकटतात, हळूच टोला द्यायचा. हातोडी नव्हती. पायातली कोल्हापुरी काढली आणि टाचेकडून दोन दिल्या. टिक, टिक, टिक! मोदक गरम असतानाच सुरू झालेली गाडी मोदक गार झाल्यावर पोचली, पण पोचली. तेव्हापासून ती चप्पल गाडीतच असते.

दिव्यांचंही सांगते. हिला अल्टरनेटर नाही, डायनामो आहे. सिग्नलला उभं राहिलं की दिवे समईएवढे होतात. शिवाय हिची अर्थिंग उलटी. आपल्याकडे बॅटरीचा निगेटिव्ह बॉडीला असतो, हिचा पॉझिटिव्ह. चिरंजीवांनी हे न बघताच मोबाइलचा चार्जर जोडला. धूर थोडाच आला. बोलणं बरंच झालं.

मध्यंतरी गाडीत पेट्रोलचा वास यायला लागला. 2021 पासून इथल्या साध्या पेट्रोलमध्ये दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि ते जुन्या रबरी नळ्यांना सोसत नाही. नळ्या बदलल्या, आता महागातलं पेट्रोल घालतो. तुमच्याकडे तर वीस टक्क्यांचं आलंय, तेव्हा चेतकची नळी एकदा दाबून बघा. ब्रेक ऑइल घालायची जागा पण ऐकण्यासारखी आहे. ड्रायव्हरच्या पायाखालचा गालिचा उचलायचा, झाकण काढायचं, खाली अंधारात ती टाकी. पेवातली ज्वारी बघितल्यासारखं वाकून बघावं लागतं. म्हणूनच कोणी बघत नसावं.

पण बाबा, हे सगळे आवाज करणारे, वास सोडणारे आजार. मला भीती आहे ती न बोलणाऱ्याची. पुढच्या चाकाला खाली ट्रुनियन असतं. चाकाची उभी पिन त्यात आट्यांवर बसलेली असते. ग्रीस मिळालं नाही की आटे झिजतात, आणि एक दिवस पिन निसटून चाक मांडी घालून बसतं. आजोबांनी चाक जॅकवर उचलून हलवलं आणि त्यांचा चेहराच उतरला. विकणाऱ्याने पॉलिशवर खर्च केला, ग्रीसवर नाही. दोन्ही बाजूंचं सामान नवीन घातलं. आता दर हजार मैलांनी ग्रीस गन घेऊन गाडीखाली कोण जातं, हे आईंना सांगू नका. गाऊनचे डाग अजून निघालेले नाहीत.

आणि आता मुद्द्याचं. डिस्ट्रिब्यूटरचे पॉइंट मी पॉलिश पेपरने साफ करते, पण गॅप पंधरा थाऊ, म्हणजे इंचाचे पंधरा हजारांश, लागतो. चिरंजीवांनी आणलेलं गेज मिलिमीटरचं. आजोबा थाऊशिवाय बोलत नाहीत, आणि मला दर वेळी 0.38 म्हणजे किती ते मनात उलटंसुलटं करावं लागतं. दापोडीच्या वर्कशॉपमधून निवृत्त होताना तुम्ही आणलेलं ते इंचातलं फीलर गेज अजून कपाटात, तेलाच्या फडक्यात असेल ना? पोळीखालून उलथनं जातं तसं पान जरासं अडकत गेलं पाहिजे, हे तुमचं वाक्य माझ्या लक्षात आहे, फक्त पान माझ्याकडे नाही. पुढच्या महिन्यात तुमचा भाचा येतोय, त्याच्याबरोबर पाठवा. वजन जास्त झालं तर चिवडा काढा.

आणि फोनवर चिरंजीवांनी विचारलं तर गेज त्यांच्यासाठीच पाठवलंय असं सांगा.

तुमची,
सूनबाई