जिंकायचंय? मग आपल्यावरच गोल मारा!

खेळाचे नियम करणारी मंडळी मनाने फार निर्मळ असतात. सामने रटाळ होतात, एवढेच त्यांचे दुःख. त्यावर एक कलम घातले की खेळाडू जीव तोडून आक्रमण करतील, ही त्यांची श्रद्धा. कलम लागू होते आणि ते बारकाईने वाचतात फक्त संघांचे प्रशिक्षक.

फुटबॉलमधल्या १९९४च्या कॅरिबियन कपाच्या पात्रता फेरीत असेच झाले. एकही सामना बरोबरीत सुटता कामा नये, असे ठरले. जादा वेळेत पहिला गोल करील तो विजयी. इथवर ठीक, पण उत्साहाच्या भरात मंडळींनी तो एक गोल दोन म्हणून धरायचे ठरवले.

२७ जानेवारीला बार्बाडोसची गाठ ग्रेनाडाशी पडली. पुढे जायचे तर बार्बाडोसला दोन गोलांच्या फरकाने जिंकणे भाग होते. २-० अशी आघाडी झालीही. पण ८३व्या मिनिटाला ग्रेनाडाने एक गोल फेडला. आता जिंकूनही घरीच! समोरचा बचाव काही केल्या फुटेना. तेव्हा बार्बाडोसचा बचावपटू आणि गोलरक्षक यांनी चेंडू आपसात इकडून तिकडे केला आणि ८७व्या मिनिटाला शांतपणे आपल्याच जाळ्यात घातला. २-२. म्हणजे जादा वेळ. म्हणजे एकावर एक गोल फुकट.

मग ग्रेनाडाच्याही डोक्यात प्रकाश पडला. ३-२ने जिंकलो तरी पुढे, ३-२ने हरलो तरी पुढे! त्यांनी दोन्ही जाळ्यांवर चाल केली आणि बार्बाडोसने दोन्ही जाळी राखली. आक्रमक खेळ हवा होता ना? दोन्ही टोकांना मिळाला. जादा वेळेत बार्बाडोसने गोल केला, फलक लागला ४-२. ग्रेनाडाचे प्रशिक्षक जेम्स क्लार्कसन भडकले. पण शिक्षा कोणालाच झाली नाही. सगळे नियमाबरहुकूम!

अशा वेळी खिलाडूवृत्तीच्या नावाने गळे काढले जातात. तिला गुणतक्त्यात रकाना नाही म्हणून हे होते, असे कोणी म्हणेल. २०१८च्या विश्वचषकात तोही होता. पोलंडकडून ०-१ने हरत असलेल्या जपानने शेवटची दहाएक मिनिटे चेंडू आपसातच फिरवला. कारण गटात बाकी सगळ्यात बरोबरीत असलेल्या सेनेगलपेक्षा त्यांची दोन पिवळी कार्डे कमी होती आणि पळापळीत एखादे वाढले असते. प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. जपान बाद फेरीत पोहोचला, तोही सद्वर्तनाच्या जोरावर.