वरठीचे गंधशास्त्र : एक अल्प प्रबंध

सुगंधोपचार हे शास्त्र की व्यापार, हा वाद विद्वानांवर सोडून प्रस्तुत लेखक थेट मुद्द्याला हात घालतो : वरठीच्या माणसाला त्याची गरज काय? या गावची रेल्वेची पाटीच मुळात फसवी. स्टेशन वरठीत, नाव मात्र 'भंडारा रोड'. भंडारा आले म्हणून उतरलेला पाहुणा बाहेर येऊन ऑटो शोधत बसतो. पाटी वाचून मालाची खात्री धरू नये, हा आमचा पहिला सिद्धान्त अशा रीतीने फलाटावरच सिद्ध होतो.

आता व्याख्या. 'इसेन्शियल ऑइल' हे नावापुरते तेल. वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर एक थेंब निलगिरीच्या तेलाचा टाकावा, शेजारी एक जवसाच्या तेलाचा. जवस कागद पारदर्शक करून तिथेच मुक्काम ठोकते. निलगिरी थोड्या वेळात उडून जाते, मागे डागही धड उरत नाही. ज्यात फोडणी बसत नाही त्याला तेल म्हणू नये, असे आमच्या स्वयंपाकघराचे मत असून त्यावर अपील नाही.

या शास्त्राला नाव दिले रने-मोरिस गातफोसे या फ्रेंच रसायनतज्ज्ञाने. 1910 साली प्रयोगशाळेतल्या स्फोटात तो भाजला, जखमा चिघळल्या, त्या त्याने लॅव्हेंडरच्या अर्काने धुतल्या. 1937 साली ग्रंथ लिहिला. पुढे धंदा वाढला आणि लॅव्हेंडरने चिंता, निद्रानाश, सासूचा फोन या सर्वांवर उतारा पडतो असे बाटल्यांवर छापून येऊ लागले. खरे एवढेच की सुवासाने बरे वाटते. ते कुणी नाकारलेले नाही.

बाटल्यांच्या या परंपरेत महाराष्ट्रही मागे नाही. खानदेश-निमाडाच्या डोंगरांतल्या रोशा गवताचे तेल भट्ट्यांवर काढून मुंबईमार्गे इस्तंबूलला जात असे आणि तिथे गुलाबाच्या अत्तरात मिसळले जात असे. जिरॅनिऑल हा दोन्हींतला समान घटक, त्यामुळे नाक गप्प बसे. पाटी गुलाबाची, माल गवताचा.

मात्र प्रबंधाचा गाभा पातेल्यात आहे. भंडारा जिल्ह्याचा चिन्नोर तांदूळ : दाणा बारीक, उतारा कमी, वास मात्र असा की झाकण सरकले की शेजारीण कुंपणावरून विचारते, "का जी, पाहुने आले का?" या वासाचा कर्ता '2-असेटिल-1-पायरोलिन' नावाचा रेणू. सुवासिक तांदळातून तो 1982 साली कॅलिफोर्नियातल्या बटरी आणि सहकाऱ्यांनी ओळखला. पाण्याच्या दहा अब्ज भागांत त्याचा एक भाग असला तरी माणसाच्या नाकाला पुरतो. तो साचतो कशाने? भाताच्या एका जनुकात बिघाड झाल्याने. म्हणजे ज्या भाताचे कौतुक करून आपण दुसऱ्यांदा वाढून घेतो, त्याचा लौकिक मोडक्या यंत्रावर उभा आहे. (काही घराण्यांचेही असेच असते, पण ते विषयांतर.)

हाच रेणू मोहाच्या फुलांतही सापडतो. चैत्रातल्या पहाटे फुले टपटप पडतात, टोपल्यांतून अंगणात येतात, वाळत पडतात आणि घरभर जो घट्ट, गोड वास कोंडतो, त्यात भाताचाही वाटा असतो.

तिसरे घर वाघाचे. कोलकात्याचे रतनलाल ब्रह्मचारी आणि सहकाऱ्यांनी 1990 साली 'नेचर'मध्ये लिहिले की वाघ शेपूट उंचावून झाडाच्या खोडावर जो फवारा मारतो, त्यात हाच भाताचा रेणू आहे. शिवाय त्या द्रवात चरबीसारखे पदार्थ असतात, ते वास धरून ठेवतात. कन्नौजचा अत्तरवाला गुलाबाला चंदनाच्या तेलाचा आधार देतो तो याचसाठी. वाघ ही विद्या उमेदवारीशिवाय शिकला, बाटलीचा खर्चही वाचवला.

इथे पूर्वपक्ष म्हणेल : गंध मन शांत करतो, तर खोडावरचा वासही करील. उत्तर : करतो, जोवर तो भाताचा वाटतो. आजीच्या चुलीपाशी भूक चाळवणारा तोच रेणू कोका अभयारण्यात अंगावर काटा उभा करतो. रेणूत फरक नाही. फरक एवढाच की चुलीपाशी वाढणारी आजी असते आणि जंगलात वाढून घेणारा दुसराच कुणी. लॅव्हेंडरवाल्यांनी आपल्या पत्रकात हा मुद्दा कुठेच घेतलेला दिसत नाही.

वापरविधी. चिन्नोर : गरम, तुपासह, पोटभर. मोह : दुरूनच, पहाटे, वाळलेल्या फुलांच्या पुढील संस्कारांबद्दल हा प्रबंध सोयीस्कर मौन पाळतो. तिसरे द्रव्य : कोकाच्या वाटेवर भर दुपारी भात शिजल्याचा वास आला तर आधी आसपास पातेले आहे का ते पाहावे. नसेल तर ड्रायव्हरला हळूच गाडी मागे घ्यायला सांगावे आणि खोल श्वास घेण्याचा कार्यक्रम वरठीला परतल्यावर करावा. सफारीच्या जिप्सीला काचा नसतात.